यकेपाच्या मराठी मंडळींना खुलं पत्र : ती रील काढून टाका

मंडळी, राम राम.

हे ग्रुपवरच लिहिणार होतो, पण ग्रुपवर चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही आणि वाचायला घेतलं तरी मध्येच कोणाचा तरी वाढदिवस येतो, मग केकच्या फोटोंखाली सगळं गाडलं जातं. म्हणून सरळ खुलं पत्र. बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो, आम्ही काही मराठी लोक वेगवेगळ्या वर्षी पश्चिम आफ्रिकेत लायबेरियाला, निंबा काउंटीत, यकेपाच्या लोखंडाच्या खाणीवर आणि तिथून बुकॅनन बंदरापर्यंत जाणाऱ्या अडीचशे किलोमीटरच्या रेल्वे लाइनीवर कामाला होतो. कोणी फिटर, कोणी सर्व्हेअर, कोणी कॅन्टीनला, मी डंपरच्या मेंटेनन्सला. बहुतेक सगळे आता घरी परतलेत, ग्रुप तेवढा राहिलाय.

तर परवा ग्रुपवर ती रील पडली. लायबेरियाच्या युद्धातला टोळीप्रमुख आणि पुढे सिनेटर झालेला प्रिन्स जॉन्सन टेबलामागे खुर्चीत बसलाय, हातात बियर, बाजूला एक बाई त्याला वारा घालतेय, मागे आपला ढोलताशा लावलाय आणि वर मोठ्या अक्षरात 'एकच वाघ'. खाली अंगठ्यांची आणि आगीच्या चिन्हांची रांग. सोलापूरचे काका म्हणाले दरारा असावा तर असा, नाशिकवाल्याने लिहिलं असे चार नेते आपल्याला मिळाले असते तर देश कुठे गेला असता.

ती क्लिप कुठली आहे हे ग्रुपमधल्या निदान निम्म्या लोकांना माहितीये. ९ सप्टेंबर १९९० ची टेप आहे ती. मूळ टेपमध्ये टेबलाच्या अलीकडे जमिनीवर अजून एक माणूस आहे, चड्डीवर बसवलेला, हातपाय बांधलेले, रक्ताने माखलेला. तो लायबेरियाचा प्रेसिडेंट सॅम्युअल डो. त्याचे कान कापले जातायत आणि समोर जॉन्सन बियर पितोय. रील बनवणाऱ्याने खालचा भाग कापून टाकला आणि वरचा ठेवला. म्हणजे त्याला पण कळत होतं की खालचं दिसलं तर ढोलताशा चालणार नाही.

आता मी कोण मोठा शहाणा लागून गेलो, असं कोणीतरी म्हणणारच, तर ते आधीच सांगून टाकतो. ग्रुपच्या जुन्या फोटोंमध्ये एक फोटो आहे बघा, एका कार्यक्रमात जॉन्सन मध्ये उभा, आजूबाजूला आपली सात-आठ माणसं, आणि डाव्या टोकाला हातात भाताची प्लेट घेऊन दात काढणारा एक जण. तो मी. सिनेटर आलाय म्हटल्यावर धावत गेलो होतो, हात मिळवला, त्याचा हात मऊ होता हे अजून लक्षात आहे, आणि त्याच रात्री घरी फोन करून बायकोला सांगितलं की आज इथल्या एका डॉनला भेटलो. डॉन! तेव्हा मजा वाटली होती. तो फोटो गावाकडे चार लोकांना मी पण दाखवलाय.

मजा कधी गेली ते सांगतो. २०१३ चा पावसाळा. तिकडचा पावसाळा म्हणजे तुम्हाला सांगायला नको, टोकाडेच्या डोंगरावर ढग एकदा बसला की चार चार दिवस समोरचा डंपर दिसायचा नाही आणि काम बंद. वर्कशॉपच्या कंटेनरमध्ये आपण पाच-सहा जण चहा घेत बसलेलो, आणि आपल्यातल्या एकाने फोनवर ती टेप लावली. पूर्ण, न कापलेली. आवाज मोठा. आपण सगळे डोकी घालून बघतोय, कोणीतरी हसलं पण, अरे बघ बघ कसा बसलाय म्हणून. माझ्या खांद्यामागे आपला वेल्डर उभा होता. नाव लिहीत नाही, तुम्ही सगळे ओळखता त्याला, बाहनकडचा, ग्यो जमातीचा, हेल्मेटवर कायम खडूने काहीतरी लिहिलेलं असायचं तो. त्याने एक मिनिटभर बघितलं असेल, हातातला होल्डर खाली ठेवला आणि भर पावसात बाहेर निघून गेला. छत्री नाही, रेनकोट नाही.

मला वाटलं डोचा माणूस असेल. संध्याकाळी कॅम्पच्या गेटवर भेटला तेव्हा मी विचारलं, तुला राग आला का, तुमचा कोणी होता का तो डो. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी काहीतरी येड्यासारखं बोललोय. म्हणाला, डोच्या सोल्जरांनी माझ्या मामाला चर्चमध्ये मारलं. मग म्हणाला, मी मत पीवायजेलाच (म्हणजे प्रिन्स यॉर्मी जॉन्सनलाच) देतो, दर वेळी देतो, पुढे पण देणार. मग तू उठून का गेलास? तो म्हणाला, मत देणं वेगळं बॉसमॅन, ते बघत बसणं वेगळं.

मला ते तेव्हा अजिबात कळलं नाही. मग पुढचं वर्षभर जमेल तसं विचारत गेलो, वाचत गेलो, परत आल्यावर तर जास्तच वाचलं. ते सगळं तुमच्यासमोर ठेवतो, कारण आपण तिथे दोन-दोन तीन-तीन वर्षं राहिलो, जीबी, म्हणजे त्यांचा तो कसाव्याचा गोळा, न चावता गिळायला शिकलो, आपल्यासारख्याच रिक्षांना 'केके' म्हणत फिरलो, आणि तिथे काय झालं होतं हे कोणाला विचारलं नाही.

चर्च म्हणजे राजधानी मोनरोव्हियातलं सेंट पीटर्स लुथरन चर्च. २९ जुलै १९९० च्या रात्री तिथे आसऱ्याला आलेल्या लोकांवर डोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या आणि कोयते चालवले, सहाशेच्या आसपास माणसं मेली, बायका, पोरं, सगळी. बहुतेक ग्यो आणि मानो, म्हणजे निंबाची. गुन्हा एवढाच की निंबाचे.

आणि हे काही त्या एका रात्री सुरू झालं नव्हतं. डो स्वतः साधा मास्टर सार्जंट, १२ एप्रिल १९८० ला त्याने आणि त्याच्या साथीदारांनी प्रेसिडेंट टॉल्बर्टला मारून सत्ता घेतली, दहा दिवसांनी १३ बड्या लोकांना समुद्राच्या वाळूत खांबांना बांधून गोळ्या घातल्या. त्यात त्याचा एक साथीदार होता थॉमस क्विवोंकपा, निंबाचा, ग्यो, पुढे सैन्याचा मुख्य झाला. आपला जॉन्सन, तापिताचा, १९५२ चा जन्म, ह्या क्विवोंकपाचा एडीसी, म्हणजे सोबतचा खास अधिकारी. डो आणि क्विवोंकपा यांचं फाटलं, १९८३ ला दोघेही, म्हणजे क्विवोंकपा आणि जॉन्सन, देश सोडून पळाले. १९८५ ला डोने निवडणूक घेतली आणि स्वतःला ५०.९ टक्के मतं देऊन घेतली. (५०.९! एवढा हिशोबी माणूस.) पुढच्याच महिन्यात, १२ नोव्हेंबरला, क्विवोंकपा बंड करायला परत आला, फसला, मारला गेला, त्याच्या प्रेताचे जे हाल केले ते लिहवत नाही. मग डोच्या क्रान जमातीच्या सैनिकांनी निंबात गावंच्या गावं झोडपली. किती मेले ह्याचे अंदाज वेगवेगळे आहेत, शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात.

त्यामुळे २४ डिसेंबर १९८९ ला, नाताळच्या आदल्या दिवशी, बंडखोर नेता चार्ल्स टेलरची शंभरेक माणसं आयव्हरी कोस्टमधून निंबात बुतुओला घुसली, तेव्हा निंबाच्या लोकांनी त्यांना हाकललं नाही, पोरं दिली. जॉन्सन त्या टोळीचा ट्रेनर होता. काही महिन्यांत त्याचं टेलरशी पण वाजलं, स्वतःची काहीशे माणसं घेऊन वेगळा निघाला, आणि टेलरच्या आधी मोनरोव्हियाच्या आत पोचला. कॉल्डवेलला तळ टाकला. सप्टेंबरमध्ये डो बंदरावर पश्चिम आफ्रिकेच्या शांतिसेनेच्या ऑफिसला भेटायला गेला, तिथे, शांतिसेनेच्या नाकासमोर, जॉन्सनच्या लोकांनी त्याची माणसं मारली आणि त्याला उचलून कॉल्डवेलला नेलं. पुढचं टेपमध्ये आहे.

आता निंबाच्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. दहा वर्षं सत्तेवर बसलेला, तुम्हाला मारणारा माणूस, अमेरिकेचा पैसा खाणारा, कोणी त्याला हात लावत नाही, कोर्ट नाही, यूनो नाही, कोणी नाही, आणि तुमच्यातला एक जण जाऊन त्याला धरतो. वेल्डर मत का देतो ते मला एवढं वाचल्यावर समजलं. तो जॉन्सनला वाघ बिघ म्हणत नव्हता. घरावर दरोडा पडून गेलेला माणूस दारात कुत्रा बांधतो, कुत्रा चावरा आहे हे त्याला माहीत असतं, शेजारच्या पोराला चावलाय हे पण माहीत असतं, तरी बांधतो, तसं ते मत होतं.

पण कुत्रा कोणाकोणाला चावला ते पण ऐका. मोनरोव्हियात जॉन्सनचा भाग जो होता तिथे माणूस मरायला कारण लागायचं नाही, त्याचा मूड पुरे व्हायचा. पिऊन असायचा आणि स्वतः गोळी घालायचा, पत्रकारांच्या समोर घालायचा. ऑगस्ट १९९० मध्ये त्याने परदेशी लोकांना ओलीस धरलं, बाहेरच्या देशांनी लक्ष घालावं म्हणून. परदेशी म्हणजे कोण, तर आपल्यासारखेच तिथे पोटापाण्याला गेलेले. काका, तुम्ही २३ वर्षं आधी गेला असता तर तुमचा दरारा तिथेच कळला असता, राग नका मानू. आणि शहरात लोक उपाशी मरत होते तेव्हा अन्न वाटणारे हरे कृष्ण भक्त होते, इस्कॉनचे, त्यांना पण त्याच्या लोकांनी मारलं. आपल्या ग्रुपमध्ये दोन जण दर एकादशीला इस्कॉनचे फोटो टाकतात आणि त्याच दोघांनी रीलला आगीचं चिन्ह दिलंय, हे मी मुद्दाम वर जाऊन बघितलं.

गांटात तुम्ही बाजाराला जायचात ना, गिनीच्या बॉर्डरच्या अलीकडे, तिथे रस्त्याकडेला मांडिंगो लोकांची दुकानं होती. मी एका पोराकडे पाव आणि अंडं खायचो. त्याला एकदा जॉन्सनबद्दल विचारलं तर त्याने आधी आजूबाजूला बघितलं आणि मग म्हणाला, अंडं अजून एक घालू का. बस, एवढंच. मांडिंगो डोच्या बाजूचे समजले जायचे, १९९० ला निंबातून पळाले, परत आले तेव्हा गांटातल्या त्यांच्या जागांवर दुसरेच लोक बसलेले, ती भांडणं मी होतो तोपर्यंत चालू होती. त्याच्यासाठी पीवायजे हा विषयच नव्हता, हवामानासारखा होता, त्यावर बोलून काय करणार.

बरं, युद्ध झालं, मग? १९९२ च्या शेवटी टेलरने मोनरोव्हियावर मोठा हल्ला केला, त्यात जॉन्सनची टोळी संपली आणि हा नायजेरियाला गेला. लागोसला बारा-एक वर्षं राहिला, बायबल धरलं, पास्टर झाला. टी. बी. जोशुआ म्हणून तिथला गाजलेला धर्मोपदेशक, त्याच्या चर्चमध्ये डोच्या घरच्यांशी समेट पण झाला. त्या घरच्यांनी माफ केलं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, आपण त्यात बोलू नये. २००४ ला परत आला आणि २००५ च्या निवडणुकीत निंबाने त्याला सिनेटमध्ये पाठवलं, भरघोस मतांनी. आणि सिनेटने त्याला काय दिलं? संरक्षण समितीचं अध्यक्षपद. मी बनवून सांगत नाहीये. २०२१ ला परत तसलंच पद दिलं तेव्हा अमेरिकेच्या वकिलातीने उघड नापसंती कळवली, तरी फरक पडला नाही.

मधल्या काळात सत्यशोधन आयोग झाला. २००८ ला हा तिथे गेला, साक्ष दिली, २००९ च्या रिपोर्टमध्ये ह्याचं नाव सगळ्यात कुख्यात गुन्हेगारांच्या यादीत, खटला भरा म्हणून शिफारस. त्याच रिपोर्टने आणखी पन्नासेक लोकांना ३० वर्षं सरकारी पदावर बंदी घाला म्हटलं होतं, त्यात त्या वेळच्या प्रेसिडेंट एलन जॉन्सन सर्लीफ पण होत्या, ज्यांना दोन वर्षांनी शांततेचं नोबेल मिळालं. आता ज्या यादीत स्वतः प्रेसिडेंट बाई आहेत ती यादी राबवणार कोण? २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने बंदीची तरतूद घटनाबाह्य ठरवली, रिपोर्ट कपाटात गेला. आणि त्याच वर्षी जॉन्सन प्रेसिडेंटपदाला उभा राहिला, ११.६ टक्के, तिसरा आला. दुसऱ्या फेरीत त्याने पाठिंबा कोणाला दिला? सर्लीफ बाईंना. इथून पुढे हेच गणित. २०१७ ला स्वतः ८ टक्क्यांवर राहिला, पाठिंबा फुटबॉलवाल्या जॉर्ज वेआला, वेआ जिंकला. मग वेआशी बिनसलं, २०२३ ला वेआच्या विरोधात उभ्या असलेल्या जोसेफ बोआकाईकडे गेला आणि स्वतःच्या पक्षाचा माणूस, जेरेमाया कौंग, निंबाचाच, त्याला व्हाइस प्रेसिडेंटच्या जागेवर बसवून घेतला. त्या निवडणुकीत बोआकाई ५०.६४ टक्क्यांनी जिंकला, फरक साधारण वीस हजार मतांचा, आणि निंबाची लोकसंख्याच सहा लाखांवर, मोनरोव्हियाच्या काउंटीखालोखाल. वीस हजार मतं कुठून आली असतील ते तुम्ही सांगा.

नाशिकवाले भाऊ, तुम्ही लिहिलंत की लोकांनी तीन तीन वेळा निवडून दिलंय म्हणजे काहीतरी काम असेलच. होतं ना. गांटात कॉलेज काढलं त्याच्या नावाचं. पोरांना फीला पैसे द्यायचा, कोणाचा दवाखाना असेल, मयत असेल, त्याचं दार उघडं असायचं, हे मी स्वतः ऐकलंय. पण पैसा कुठला? ९ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेच्या अर्थखात्याने भ्रष्टाचाराखाली त्याच्यावर निर्बंध घातले, त्यात सरळ लिहिलंय की सरकारी खात्यांतून पैसा स्वतःकडे वळवला जायचा आणि मतं विकली जायची. म्हणजे निंबाच्या मतांचा भाव तो मोनरोव्हियात लावायचा आणि त्यातले काही परत निंबाला फी म्हणून द्यायचा. आपल्याकडे ह्याला 'साहेबांनी मदत केली' म्हणतात. मी पण म्हटलंय हे, माझ्या चुलत भावाची अ‍ॅडमिशन तशीच झालीये, नाव विचारू नका.

आणि त्याने हे सगळं एका धमकीवर टिकवलं, ती धमकी तो अधूनमधून उघड बोलायचा, मला अटक करायला आलात तर निंबा बघत बसणार नाही. चौदा वर्षांतल्या दोन युद्धांत (मधली एक-दोन वर्षं सोडून) अडीच लाख माणसं मेलेल्या देशात एवढं बोललं की पुरतं. शांतता बिघडेल म्हणून कोणी हात लावायचा नाही आणि कोणी हात लावत नाही म्हणून तो अजून मोठा. ह्या दोन युद्धांतल्या गुन्ह्यांसाठी लायबेरियाच्या कोर्टात आजपर्यंत एकाला पण शिक्षा झालेली नाही. झाली ती सगळी बाहेर. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली, पण सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. टोळ्यांचे कमांडर बघा, अलियू कोसिया स्वित्झर्लंडमध्ये, कुंटी कमारा फ्रान्समध्ये, 'जंगल जब्बा' अमेरिकेत, आणि तो पण इमिग्रेशनच्या फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून! माणसं मारल्याबद्दल नाही, फॉर्म चुकीचा भरला म्हणून ३० वर्षं.

शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सिनेटमध्ये युद्धगुन्ह्यांच्या कोर्टाचा ठराव आला तेव्हा त्यावर सही करणाऱ्यांत जॉन्सन पण होता. मे मध्ये बोआकाईने कोर्टाच्या तयारीच्या ऑफिसचा हुकूम काढला. आणि २८ नोव्हेंबर २०२४ ला जॉन्सन ७२ व्या वर्षी मेला. कोर्टात साक्ष नाही, उलटतपासणी नाही, काही नाही. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली, जंगलचा राजा गेला' पडलं होतं, हात जोडलेले, मेणबत्त्या. मी पण हात जोडलेले टाकले होते. स्क्रोल केलंत तर सापडतील, मी डिलीट केलेले नाहीत.

तिकडे झ्वेद्रूला, डोच्या गावाकडे, जून २०२५ मध्ये डोचा सरकारी अंत्यविधी झाला, मेल्यावर पस्तिसाव्या वर्षी. नुसता प्रतीकात्मक. पुरायला प्रेत नव्हतं, ते कधी सापडलंच नाही. ज्याच्या कापण्यावर तुम्ही ढोलताशा लावलाय त्याच्या पोरांनी रिकामी पेटी पुरली. डो चांगला माणूस होता असं मी म्हणत नाही, वर वाचलंच असेल तुम्ही, वेल्डरच्या मामाचं काय झालं ते. पण मामाला मारणाऱ्याचा कान कापला म्हणून मामा मिळाला का? त्या पस्तीस वर्षांत क्रान पोरं ती टेप बघत मोठी झाली, पश्चिम आफ्रिकेत बाजारात विकायची ती, आणि त्यांनी काय शिकायचं ते शिकलं.

तुमचं उत्तर मला माहितीये, आपल्याला काय त्याचं, मजा म्हणून टाकलं. तेच तर म्हणतोय. वेल्डरला काहीतरी होतं त्याचं. त्याचा मामा गेला होता, गाव जळालं होतं, ज्या सरकारने वाचवायचं तेच मारायला आलं होतं, म्हणून तो नाइलाजाने मत द्यायचा आणि टेप बघायची वेळ आली की उठून जायचा. आपला कोण गेला होता? आपण तर तिथले मतदार पण नाही, होऊ पण शकत नाही, त्यांच्या घटनेत लिहिलंय की आफ्रिकी वंशाच्या माणसालाच नागरिकत्व, आपण दोन वर्षांचं परमिट आणि डॉलरमधला पगार घेऊन आलेली माणसं. इबोला आला तेव्हा आपण ऑगस्ट २०१४ मध्ये पहिल्या विमानाने निघून आलो, वेल्डर तिथेच राहिला, डिसेंबरमध्ये त्याच इबोलात लाइनीत उभं राहून मत देऊन आला. त्याला जॉन्सन फुकट पडला नाही, आपल्याला तो फुकट आवडतो.

वाघ हवाच असेल तर त्याच देशात आपल्याच लोकांची एक गोष्ट होती, तिच्यावर एक रील नाही ग्रुपवर. सीआरपीएफच्या बायकांची तुकडी, सगळ्या बायका, यूनोच्या पोलिसांत जगातली पहिली तसली तुकडी, २००७ ते २०१६ मोनरोव्हियात पहारा देत होती, सव्वाशेच्या आसपास एका वेळी. मी एकदा विमानतळावरून येताना गाडीतून बघितल्या होत्या, निळी टोपी, भर उन्हात उभ्या. कोणी त्यांच्यासोबत फोटो काढायला धावलं नाही. मी पण नाही धावलो.

मागणं एवढंच आहे. अ‍ॅडमिनसाहेब, ती रील काढा. आणि तो जुना फोटो, माझ्या प्लेटवाला, तो ग्रुपचा डीपी करायचा प्रस्ताव कोणीतरी दिलाय, तो करू नका, करायचाच असेल तर मला आधी ग्रुपमधून काढा. ज्यांच्या फोनमध्ये पूर्ण टेप आहे त्यांनी ती ठेवावी की नाही हे मी सांगणार नाही, पण पोरांच्या हातात फोन देता तेव्हा गॅलरीत काय आहे ते एकदा बघा.

आणि एक राहिलं. जॉन्सन गेल्यावर मी वेल्डरला मेसेज केला होता, सॉरी फॉर यॉर लॉस टाइपचा, काय लिहायचं ते सुचत नव्हतं. दोन महिन्यांनी त्याचा व्हॉइस नोट आला, मागे पेनपेन म्हणजे त्यांच्या त्या मोटारसायकल टॅक्सींचे हॉर्न. म्हणाला गांटाला जाऊन आलो, खूप गर्दी होती, भात होता, खाल्ला, परत आलो. आता मोनरोव्हियात आमच्यासाठी भांडायला कोण जाणार माहीत नाही. मग बराच वेळ नुसतेच हॉर्न. मला वाटलं संपला, तर शेवटी त्याने विचारलं, बॉसमॅन, तुझ्या त्या दोस्ताच्या फोनमध्ये ते अजून आहे का?

मी लिहिलं, माहीत नाही रे, खूप वर्षं झाली, नसेल बहुतेक.

आता परवा रील आली.